तोरणमाळचं दहिवर आणि मामांचे आठ अंश

गुरुवार रात्र, निघायच्या आधी

चौदा वर्षं झाली मी पोरांना भूगोल शिकवतेय आणि दरवर्षी फळ्यावर दव, दहिवर, धुकं, हिम असे चार शब्द लिहून त्यांच्यातला फरक समजावते, पण खरं सांगू का, दहिवर, म्हणजे गवतावर गोठून पांढरं दिसणारं दव, मी स्वतः कधी बघितलंच नव्हतं. जळगावात बघणार कुठून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि थंडी म्हणजे सकाळी स्वेटर घालून शाळेत जायचं नि मधल्या सुट्टीत काढून खुर्चीला अडकवायचं, एवढीच. मागच्या वर्षी सातवीतल्या एका पोरीने विचारलं, मॅडम तुम्ही बघितलंय का हो, तर मी पुस्तकातल्या चित्राकडे बोट दाखवून मोकळी झाले. ते मनात राहिलं होतं.

यंदा वसंतपंचमी झाली, आंब्याला मोहर आला, दुपारी पंखा एकवर लागायला लागला. आम्ही म्हटलं संपली थंडी. आता महाशिवरात्रीला शिव शिव करत निघून जाईल ती राहिलेली थोडीशी. स्वेटर धुवून कपाटात गेले आणि नेमका तेव्हाच फेब्रुवारीच्या मध्यावर हवामान खात्याचा अंदाज आला की उत्तर महाराष्ट्रात पुढच्या ४८ तासांत किमान तापमानात ३ ते ५ अंशांनी घट, तुरळक ठिकाणी थंडीची लाट, यलो अलर्ट. खाली आणखी एक वाक्य होतं, सातपुड्याच्या उंच भागात रात्री दवबिंदू गोठण्याची शक्यता. ते बहुतेक बातमी देणाऱ्याने स्वतःच जोडलेलं असावं, पण माझी नजर तिथेच अडकली. (दवबिंदू म्हणजे खरंतर हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी व्हायला लागते ते तापमान, थेंब नव्हे, पण पेपरवाल्यांना हे कोण सांगणार, त्यांचे दरवर्षी दवबिंदूच गोठतात.)

नवऱ्याला दाखवलं तर म्हणे, अगं "शक्यता" लिहिलंय, "तुरळक" लिहिलंय, तेवढ्यासाठी दोन सुट्ट्या टाकायच्या का. मी त्याला सांगितलं की तुरळक हा खात्याचा नेमका शब्द आहे, भागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठिकाणी असा त्याचा अर्थ. सपाटीवर पारा १० किंवा त्याच्या खाली गेला आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश कमी असला की लाट म्हणतात, उगाच नाही. तो म्हणाला म्हणजे पंच्याहत्तर टक्के ठिकाणी काही होणार नाही. भूगोलाच्या बाईशी लग्न करून पण माणूस शेवटी गणिताचाच.

मग मामांना फोन लावला, म्हटलं तोरणमाळला जाऊन रविवारी परत येताना तुमच्याकडे मुक्कामाला येतो. मामा फैजपूरच्या पुढे राहतात, केळीवाले. ते म्हणाले, "थंडी पाह्यले तोरणमाळले कायले जाता बाप्पा, मह्या मयात या, फुकट दाखोतो." आणि हसले. पण लगेच आवाज बदलला. कांदेबाग आहे त्यांची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली, आणि शेजारच्या तुकड्यात मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, तिचे घड निसवायला, म्हणजे बाहेर पडायला लागलेत. केळीला दहा-बाराच्या खाली थंडी गेली की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड पोग्यातच, म्हणजे शेंड्यातल्या गुंडाळलेल्या पानांतच अडकतो, बाहेर येत नाही, आणि आलेल्या फळांच्या सालीवर चरका पडतो, काळपट रेघा. आतून केळ चांगलं असतं पण व्यापारी घेत नाही.

"आणि विमा?" मी विचारलं.

"विम्याचं काय, सलग तीन दिवस आठच्या खाली पायजे. २८ फेब्रुवारीलोक. दोन दिवस झालं नि तिसऱ्या दिवशी नाही झालं तं काही नाही."

म्हणजे २८ फेब्रुवारीपर्यंत कधीतरी पारा आठ किंवा त्याच्या खाली, सलग तीन दिवस, तरच भरपाई, आणि तेही मामांच्या मळ्यात नाही, महसूल मंडळाच्या गावात जे स्वयंचलित हवामान केंद्र बसवलंय तिथे. मामांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या लेकाला पण पाठ आहे.

रात्री बॅगा भरल्या. लेकाने फ्रीजच्या दुकानातून दोन डिजिटल थर्मामीटर आणले होते, वायरच्या टोकाला सेन्सर असलेले, दोन्ही एकत्र टेबलावर ठेवून बघितले तर त्यांच्यात दोन दशांशाचा फरक येत होता. चालेल म्हटलं.

शुक्रवार

सकाळी सहाला निघू म्हणून साडेसातला निघालो. जळगाव-चोपडा, आणि चोपड्यापासून तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा रस्ता, जो सातपुड्याला उजवीकडे धरून शिरपूर, शहादा करत जातो. या रस्त्याचं वर्णन करणार नाही, ज्यांची कंबर या रस्त्यावरून गेलीय त्यांना माहितीये. पण सकाळ सुंदर होती, हवा इतकी स्वच्छ की डोंगराच्या घड्या मोजता येत होत्या. नेहमी तो सातपुडा धुरकट निळा दिसतो, आज जवळ सरकल्यासारखा. हेच ते चिन्ह. उत्तरेकडे हिमालयात वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, येऊन बर्फ टाकून पुढे गेला की त्याच्या मागून कोरडी गार हवा खाली वाहत येते, ढग नाही, बाष्प नाही, धूळ कमी, म्हणून दिवसा लांबचं दिसतं आणि रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. गोधडीच नसते ना वर पांघरलेली.

शिरपूरच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. दुकानदार कानटोपी, मफलर, आणि पायात स्लीपर. "भलती थंडी वाजी ऱ्हायनी ताई," म्हणाला, "आते होळी येई ऱ्हायनी तरी जात नही." नवरा अहिराणीत सुरू झाला, त्याचं आजोळ साक्रीकडचं, मग दोघांचं गव्हाला ही थंडी चांगली की वाईट यावर वीस मिनिटं चाललं. गव्हाला चांगली हे ठरलं. हरभऱ्यावर एकमत झालं नाही.

शहाद्यात जेवलो, शेवभाजी, तिखटाने लेकाच्या नाकातून पाणी, आणि म्हसावद, राणीपूर करत घाटाकडे वळलो. शहाद्याच्या आसपास पपईच पपई, पण बऱ्याच बागांची खालची पानं पिवळी पडून लोंबत होती. पायथ्याच्या जंगलात पळस पेटलेला. म्हणजे अक्षरशः, पान एक नाही आणि फांद्यांवर केशरी चोची. थंडीची लाट आणि पळस एकाच काचेतून दिसत होते, नवऱ्याने गाडी थांबवून फोटो काढले. मोहाची पानं गळत होती, फुलं यायला अजून वेळ.

सातपायरी घाट चढताना लेक दर पाच मिनिटांनी सेन्सर खिडकीबाहेर काढत होता. पायथ्याला २७, वर पोचलो तेव्हा २१. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश कमी होतं हे मी शिकवते, आणि तोरणमाळ हजार मीटरच्या थोडं वर आहे, तर गणित जवळपास बसलं. मी एवढी खूश झाले की नवरा म्हणाला पगारवाढ झाल्यासारखी काय हसतेस.

मुक्काम जिथे केला त्या जागेचं नाव घेत नाही. गरम पाणी मिळेल असं फोनवर सांगितलं होतं, तिथे गेल्यावर गिझर बघितला, बघण्यापुरता होता. ब्लँकेट प्रत्येकी एक, जास्तीचं मागितलं तर ते बोलले यात्रेसाठी ठेवलेत. महाशिवरात्रीला इथे गोरखनाथांची मोठी यात्रा भरते, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश तिन्हीकडून लोक येतात, चालत पण येतात, त्याची तयारी चालू होती, बांबू पडलेले, दुकानांच्या जागा आखलेल्या.

रात्री वारा सुटला. म्हणजे असा सुटला की पत्रे वाजत होते. लेक म्हणाला आई आज नक्की गोठणार. मी म्हटलं नाही रे, आज नाही. वारा असला की वरची थोडी गरम हवा आणि जमिनीजवळची गार हवा ढवळली जाते, चहात साखर ढवळल्यासारखी, मग तळाशी काही साचत नाही. आपल्याला थंडी जास्त वाजते पण गवताला नाही, आपलं अंग हवेपेक्षा गरम, वारा ती ऊब उडवून नेतो, गवत तसं नाही. त्याला पटलं नाही. पहाटे पाचला मला उठवून बाहेर नेलं, थर्मामीटर ७ वर, गवत कोरडं ठणठणीत, दव सुद्धा नाही. दोघं कुडकुडत आत आलो.

शनिवार

सकाळी आठला मामांचा फोन. मंडळाच्या केंद्रावर ७.८ आलंय. पहिला दिवस. आवाजात आनंद होता का दुःख ते कळलं नाही, मला वाटतं त्यांना पण कळलं नसावं.

वारा दहापर्यंत पडला. मग दिवसभर फिरलो. सीताखाई बघितली, धबधबा अर्थात कोरडा, पण दरी इतकी सरळ खाली जाते की लेकाने हाक मारली तर ती परत यायला वेळ लागला. मच्छिंद्रनाथांची गुहा. खडकीकडचा पॉइंट, तिथून डोंगरांच्या रांगा मागे मागे जातात, प्रत्येक आधीचीपेक्षा फिकट. छान आहे सगळं, लोकांनी भरपूर लिहिलंय, मी पुढे जाते, कारण मला संध्याकाळचं सांगायचंय.

यशवंत तलावाच्या एका अंगाला जमीन खोलगट आहे, बशीसारखी, आणि तिथे काही शेतं. एका दादांची स्ट्रॉबेरी होती तिथे, पावरा समाजातले, माणूस कमी बोलणारा पण पिकाबद्दल विचारलं की बोलायचा. काळ्या मल्चिंग पेपरवर बेड, प्रत्येक बेडवर दोन ओळी. सातपुड्यात इकडे तोरणमाळला आणि तिकडे अक्कलकुवा तालुक्यात डाबच्या बाजूला ही लागवड बरीच रुजलीय. त्यांनी एक फूल उघडून दाखवलं. पांढऱ्या पाकळ्या जशाच्या तशा आणि मधला पिवळा गोंडा काळा पडलेला, डोळ्यात काजळ घातल्यासारखा. "हे जानेवारीतलं," ते म्हणाले, "पाकळीला काही होत नाही, मधे मरतं. याला फळ नाही येत." मी इतकी वर्षं दहिवर शिकवते पण ही काळी बाहुली कुठल्या पुस्तकात नव्हती.

मी विचारलं, आज रात्री पडेल का?

त्यांनी आभाळाकडे नाही बघितलं. शेकोटीकडे बघितलं. पलीकडच्या घराबाहेर कोणीतरी चूल पेटवली होती आणि तिचा धूर सरळ वर गेला, पण माणसाच्या डोक्याच्या थोडा वर जाऊन तिथेच आडवा झाला, पांढऱ्या चादरीसारखा, आणि त्या बशीत हळूहळू पसरायला लागला. "असा धूर बसला की पडतं," ते म्हणाले.

मला टाळी वाजवाविशी वाटली. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात, म्हणजे एरवी वर जाऊ तसं गार होतं पण शांत निरभ्र रात्री उलटं, खाली गार आणि वर उबदार. गार हवा जड, ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगटात येऊन साचते, धूर त्या थराच्या वर जाऊ शकत नाही. ते वाक्य मी किती वेळा डिक्टेट केलंय. आणि हा माणूस चुलीच्या धुरावरून अंदाज देत होता, तोही तालुक्याचा नाही, स्वतःच्या अर्ध्या एकराचा.

ते आणि त्यांच्या घरची मंडळी बेडवर जुनं कापड, पोती, क्रॉप कव्हरचे तुकडे पसरत होते, आम्ही पण हात लावला. सगळ्याला पुरलं नाही. शेवटच्या तीन ओळी उघड्या राहिल्या. मग त्यांच्या परवानगीने आम्ही थर्मामीटर लावले. एक खांद्याएवढ्या उंचीवर बांबूला बांधलं, एक त्याच्या खाली गवतावर आडवं, आणि लेकाने स्टीलच्या ताटलीत बोटभर पाणी घालून ठेवलं. हवामान केंद्रात तापमान साधारण सव्वा मीटर उंचीवर, जाळीच्या पांढऱ्या पेटीत सावलीत मोजतात. म्हणजे पेपरात ४ अंश आलं तर ते त्या पेटीतलं, जमिनीवर गवताच्या पात्यापाशी तेव्हा शून्याखाली गेलेलं असू शकतं. म्हणून "पारा शून्यावर गेलाच नाही मग बर्फ कसा" म्हणणाऱ्यांना हे सांगायचं असतं, पण ते ऐकत नाहीत.

जेवताना लेकाने विचारलं हा अंदाज देतं कोण. मग मी त्याला पुण्याचं सिमला ऑफिस सांगितलं. हवामान खातं १८७५ चं, मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग सिमल्याला, तिथून १९२८ मधे पुण्याला आणि १९४४ मधे दिल्लीला गेलं, पण पुण्यात शिवाजीनगरला त्या जागेला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात, रिक्षावाल्याला पण तेच सांगायचं. तो म्हणाला म्हणजे थंडीचं ऑफिस पण उन्हाने खाली आलं. आणि शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी वेगळा कृषी सल्ला निघतो, मामा मोबाईलवर बघतात तो. कालच्या सल्ल्यात केळीला रात्री हलकं पाणी द्या, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करा असं आलं होतं.

रात्री एकदम शांत. पान हलत नव्हतं. तारे इतके की मला जरा भीतीच वाटली.

रविवार, पहाट

पाच वाजता उठलो. मुक्कामाच्या जागी, जी जरा उंचावर, तिथलं थर्मामीटर नव्हतं पण गाडीच्या डॅशबोर्डवर ६ दाखवत होतं. तलावाच्या बाजूला उतरायला लागलो, तीनशे-चारशे पावलं असतील, आणि मधेच एका ठिकाणी घोट्यांना गार लागलं. गुडघ्याला नाही. घोट्यांना. दोन पावलं अजून उतरलो तर गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. विहिरीत उतरताना पाणी चढतं तसं. नवरा थांबला, परत दोन पावलं वर गेला, परत खाली आला. मग म्हणाला, "ए, हे खरंच साचलंय." एवढ्या वर्षांत माझ्या विषयाला मिळालेली ही पहिली दाद.

टॉर्च मारला तर गवत पांढरं.

मी काय लिहू. बर्फ म्हणून नाही, पीठ भुरभुरल्यासारखं पण नाही, जवळून बघितलं तर प्रत्येक पात्याच्या कडेला बारीक बारीक काटे उभे, मिठाच्या खड्यापेक्षा बारीक, आणि पात्याच्या मधोमध कमी. वाफ थेट बर्फ होते तेव्हा असे काटे येतात. आधी दव पडून मग ते गोठलं तर काचेचे गोल मणी दिसतात, आणि तेही होते, तलावाच्या जवळच्या बाजूला, जिथे हवा जरा ओली. म्हणजे एकाच शेताच्या दोन टोकांना दोन्ही प्रकार. मी गुडघ्यावर बसून मोबाईलवर व्हिडिओ करत होते आणि सातवीतल्या त्या पोरीचं नाव घेऊन बोलत होते, बघ गं, हे दहिवर. आवाज थरथरतोय त्यात, थंडीने असं मी सगळ्यांना सांगते.

पाच चाळीसला लेकाने वाचलं, बांबूवरचं ३.४, गवतावरचं उणे १.९. सहा वाजता ३.१ आणि उणे २.२. नवऱ्याला वाटलं आता उजाडतंय म्हणजे वाढेल, पण नाही, सर्वात गार वेळ सूर्य उगवायच्या सुमारासच असते, ऊन लागेपर्यंत जमीन ऊब देतच राहते. ताटलीत वर पापुद्रा धरलेला, लेकाने बोटाने दाबला तर टिक करून फुटला, खाली पाणी होतंच. तेवढ्यावर त्याचा दिवस झाला.

दादा आले. घोंगडी पांघरून. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो, आणि ते सरळ त्या शेवटच्या तीन ओळींकडे गेले. मी गप्प झाले. झाकलेल्या बेडच्या कापडावर पांढरं जमलेलं, खाली रोपं हिरवी ओली. उघड्या तीन ओळींची पानं काठाला पांढरी, कडक, आणि फुलं, काय सांगणार, फुलं तर इतकी सुंदर दिसत होती, प्रत्येक पाकळीला काचेची किनार. ते ओळीच्या कडेने चालत मोजत गेले. आत्ता कळत नाही, दुपारी काळी पडतात, म्हणाले. मी विचारलं साधारण किती जाईल. "दोन तोडे," म्हणाले, म्हणजे दोन वेळच्या तोडणीची फळं.

मी मोबाईल खिशात ठेवला.

ऊन आलं तेव्हा दहा मिनिटांत सगळं संपलं. पांढरं गेलं, गवत ओलं झालं, वाफ निघायला लागली. दादांनी आम्हाला काळा चहा दिला, गूळ घालून. नवऱ्याने पाच बॉक्स स्ट्रॉबेरी घेतली, घासाघीस न करता, जे त्याच्या स्वभावात नाही.

साडेआठला मामांचा मेसेज. फक्त आकडा. ६.६.

रविवार, दिवसभर आणि रात्र

घाट उतरून तोच रस्ता उलटा. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, कंबर. मधे एका ढाब्यावर पाटोडीची भाजी चांगली होती, बाकी सांगण्यासारखं काही नाही. लेक मागे झोपलेला, स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स संपवून.

मामांकडे पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामींनी भरीत केलेलं, हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडजीत कुटून, वर कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी. आमच्या भागातल्या भरताच्या वांग्याला आणि केळीला दोघांनाही जीआय टॅग मिळालाय २०१६ मधे, मामा हे पाहुण्यांना जेवताना सांगतातच, जसं पोरं पास झाल्याचं सांगतात. आज नाही सांगितलं. जेवण झालं की कानटोपी घालून उठले. "चल माय, तुले आपली थंडी दाखोतो."

आठवडाभर त्यांच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची होती. एरवी रात्रीच्या लाईनीला मामा काय काय बोलतात ते इथे लिहिता येत नाही, अंधारात साप-विंचवात पाणी धरायला जावं लागतं. पण या आठवड्यात तीच लाईन देवासारखी, कारण बोअरचं पाणी जमिनीखालून येतं तेव्हा कोमट असतं, ते रात्री बागेत सोडलं की जमिनीची ऊब टिकते. ठिबक चालू होतं. बांधाच्या कडेने दहा-बारा ठिकाणी ढीग रचलेले, वाळलेली केळीची पानं, तुराट्या, वर ओला पाला म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त. बागेच्या उत्तरेला गजराज गवताची दाट ओळ, ती वारा अडवायला. निसवलेल्या घडांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, टॉर्चच्या उजेडात नुसती भुतं लटकल्यासारखी.

मामांनी एक पोगा दाखवला. घड अर्धा बाहेर येऊन अडकला होता, मान वाकडी. हात लावून म्हणाले, "हा नाही येत आता. पाऊन महिना झाला." मग दुसरा. मग तिसरा. मी म्हटलं मामा बस. ते म्हणाले नाही, बघ, तू मास्तरीण ना, पोरांना सांग केयी कशी गुदमरते.

बाराला ढीग पेटवले. धूर उठला आणि पानांच्या वर जाऊन आडवा बसला. अगदी तसाच. मी मामांना स्ट्रॉबेरीवाल्या दादांचं सांगितलं, असा धूर बसला की पडतं. मामा म्हणाले, "बरोबर बोलला तो. धूर उडाला तं घर गाठायचं, बसला तं जागायचं."

जागलो. बांधावर खाट टाकून, शेकोटी करून, मी, मामा, नवरा, आणि मामांचे दोन गडी. लेकाने इथे पण थर्मामीटर बांधलं होतं, एकला ९.१, दोनला ८.४. मामा दर अर्ध्या तासाने विचारायचे किती. आणि आकडा सांगितला की त्यांचं तोंड बघून मला कळेना की यांना खाली जायला हवंय की वर. आठच्या खाली गेलं तर तिसरा दिवस, विमा. पण खाली गेलं तर बागही अजून जाणार, आणि विम्याचे पैसे कधी येतील ते कोणी सांगावं, मागच्या खेपेला कंपनीने किती चकरा मारायला लावल्या ते मामी सांगतात. नवऱ्याने विचारलंच शेवटी, मामा तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा. मामा हसले. "मले? मले झोप पायजे."

आणि गंमत म्हणजे आपण इथे धूर करतोय, पाणी देतोय, पण मोजमाप सहा किलोमीटरवर मंडळाच्या गावात. बाग वाचवली तरी आकडा बदलणार नाही, बाग गेली तरी नाही. तोरणमाळला तीनशे पावलांत किती फरक पडला ते मी सकाळीच घोट्यांनी मोजून आले होते, आणि इथे सहा किलोमीटर.

तीनच्या सुमाराला तारे फिकट झाले. मला वाटलं धूर असेल. पण नाही, वर पातळ ढग येत होते, पिसांसारखे, पश्चिमेकडून. आभाळावर गोधडी चढायला लागली. साडेतीनला ८.६, चारला ८.९. गडी म्हणाला, ढग आले शेठ. मामांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग शेकोटीतलं लाकूड आत ढकललं.

सोमवार

सकाळी मी झोपलेच नाही, मामींबरोबर चहा केला. मामा अंगणात खुर्चीवर, मोबाईल हातात, आठ वाजले, सव्वाआठ, ते मधे मधे वर स्क्रीन ओढून सोडत होते. लेक मागे उभा.

"८.२," लेकच बोलला आधी.

७.८, ६.६, ८.२. दोन दशांश. आमच्या दोन फ्रीजच्या थर्मामीटरमधे टेबलावर एकत्र ठेवल्यावर जेवढा फरक येत होता तेवढा.

मामांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, परत बघितलं. मामींनी काही विचारलं नाही, फक्त चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि बशी वर झाकली. मग मामा म्हणाले, "लाईन गेली असंन, मोटर पाह्यतो," आणि उठून मळ्याकडे गेले. जाताना लेकाला म्हणाले, ते तुझं मशीन ठेवून जा माझ्याकडे एक.

आम्ही दहाला निघालो. भुसावळच्या अलीकडे मोबाईलला रेंज आली तेव्हा नवीन अंदाज येऊन पडलेला, उद्यापासून किमान तापमानात हळूहळू २ ते ३ अंशांनी वाढ, हवामान कोरडं राहील, कुठलाही इशारा नाही.